नवव्या ग्रीनवरची हरळी

आदरणीय अध्यक्ष पुंडलिकरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती डोमाजी, पहिल्या रांगेत बसायला कसंबसं तयार झालेल्या त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई, आणि क्लबच्या सभासद बंधुभगिनींनो,

चिटणीस म्हणून मला पाच मिनिटं दिली आहेत. मी पडलो वकील, त्यामुळे पाच मिनिटं म्हणजे किती, हे अध्यक्षांनीच ठरवावं.

साहेब लोक गेले आणि यवतमाळच्या या माळरानावर गोल्फची नऊ भोकं आणि एक डोमाजी आपल्यासाठी ठेवून गेले. भोकं काय, कोणीही खणेल. भोकाभोवतीचा तो गालिच्यासारखा तुकडा, ज्याला आपण ग्रीन म्हणतो, तो आपल्या उन्हात हिरवा ठेवायचा कसा? फाल्गुन सरला की डोमाजी सळईने ग्रीनला टोचे मारणार, चाळलेली रेती नि खत पसरणार, विहिरीचं पाणी शिंपडणार. आणि हे सगळं कशासाठी? तर हरळीसाठी. जिच्यापायी आपल्या जिल्ह्यातला प्रत्येक कास्तकार कपाळाला हात लावतो, तिला हा माणूस लेकीसारखं वाढवत होता.

बासष्ट सालची गोष्ट. अध्यक्षांनी मोठ्या मनाने आपल्या कापसाच्या जिनातलं सरकीचं कुजलेलं खत क्लबला दिलं. सगळी सरकी कुजली नव्हती, एवढंच. एप्रिलमध्ये डोमाजी जयंतीसाठी चार दिवस केळापूरला गेले आणि इकडे नवव्या ग्रीनवर कपाशीचे कोंब वर आले. रविवारी कलेक्टरसाहेब पाहुण्यांना घेऊन खेळायला येणार होते. त्या सामन्यानंतर डोमाजींना हेड माळी करायचं, हेही कमिटीत ठरलं होतं.

मग निंदणाला रुखमाबाई आणि तिच्या सोबतच्या चार बाया बोलावल्या. त्यांना हुकूम मिळाला, "ग्रीन चांगलं निंदून काढा." एवढाच. हुकूम देणारा कचेरीत जाऊन पंख्याखाली बसला.

दुपारी पाहतो तर ग्रीन नाही. काळी माती, तीही भुसभुशीत. मधोमध सरकीचे सात कोंब, प्रत्येकाला सुबक आळं. रुखमाबाई कौतुकाची वाट पाहत उभी.

"लय माजली होती हरळी, साहेब. एक मूळ ठेवलं नाही. पऱ्हाटीले मात्र कोनाले हात लावू देल्ला नाही."

तिचं काय चुकलं, सांगा? वावरात कपाशी ठेवून हरळी काढतात, हे तिला जन्मापासून ठाऊक. उलटं करायचं, हे तिला कोणी सांगायला नको?

डोमाजी परतले. मग नदीची रेती आणून चाळली, ओली करून रूळ फिरवला. रविवारी कलेक्टरसाहेबांनी विचारलं, "हे काय?" आपले अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "उन्हाळी ग्रीन." साहेबांना ते इतकं आवडलं की बाकीची आठही तशीच का नाहीत, असं त्यांनी विचारलं.

हसलात, बरं वाटलं. पण सोमवारी कमिटी बसली. बायांना कामावरून कायमचं बंद करा, असा सूर निघाला. हुकूम कोणाचा, असं विचारल्यावर डोमाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बायांचा कसूर नाही. तेयचं काम माह्या हाताखालचं हाय. काय करायचं ते मले करा." बाया राहिल्या. हेड माळीची जागा गेली. पुढे त्याच बायांनी आपापल्या वावरातली हरळी मुळांसकट आणून दिली आणि पावसाळ्यात नववं ग्रीन पुन्हा उभं राहिलं.

मंडळी, तो हुकूम माझा होता. कमिटीत मी कागद चाळत बसलो आणि नंतर सहा वर्षं गप्प राहिलो. त्या जागेवर हक्क असलेला माणूस आज साधा माळी म्हणून निवृत्त होतो आहे, आणि मला याची लाज वाटते.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, आपला आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. डोमाजी, तुम्ही मात्र घालू नका. सहा वर्षं घातलंत, पुष्कळ झालं. इथे या आणि चार लोकांदेखत मला काय बोलायचं ते बोला. तोवर मी खाली बसणार नाही.