खारट तर्री

माही नोकरी कशी गेली, मालूम आहे का तुले? पोह्यापायी गेली.

तवा मी आर्णीत फवारणी पंपाच्या दुकानात होतो. रोज सकाळी कांताबाईच्या गाडीवर तर्रीपोहे खायचो. एक दिवस तिनं मले प्लेट देलीच नाही. म्हणे, "आज तर्री खारट झाली भाऊ. बाजूच्या गाडीवर खा."

म्या इचारलं, "मंग तुमचा धंदा?"

"उद्या तुम्ही येसान ना."

मले हे लय पटलं. दुकानात गेलो तर एक कास्तकार पंप घ्याले आलता. म्या म्हटलं, "काका, आमचा पंप आठ दिवसांत गळते. समोरच्या दुकानातला घ्या."

काका गेले समोर. मांगं शेठ उभे होते. चिडले नाही. म्हणे, "तिकडं चांगलं भेटते का?"

म्या म्हटलं, "हो."

"मंग तू बी तिकडंच जाय."

गेलो. त्यायनं ठेवूनबी घेतलं.

परवा शेठ सोता आमच्या काउंटरवर आले. मांगंपुढं पाह्यलं अन् हळूच म्हणे, "घरच्या वावरासाठी एक पंप दे. पोत्यात घालून दे."