काल ओठ गुलाबी दिसले

हॅलो? हॅलो, टेलरमास्तर ना? मी डॉक्टर बोलतोय… हो, हो, कालचाच, व्हिडिओवरचा. वहिनी कशा आहेत?

झोपल्यात? कधीपासून?

अहो, आभार राहू द्या. तुमच्या शेजारचे सुतारकाका गेले… हो. मलाही आत्ताच कळलं, सिस्टरनं सांगितलं. काल त्यांनाही मी व्हिडिओवरच पाहिलं. तोच ताप, तोच खोकला. म्हणून तर फोन… मास्तर, रडू नका, ऐका ना! वहिनींना उठवा.

शांत झोपल्यात म्हणूनच उठवा! खोकला थांबला म्हणजे बरं वाटलं असं नसतं… माझी बायकोही अशीच शांत झोपली होती. उठवा.

हं… खांदा हलवा. जोरात. अहो, 'अगं अगं'नं काय होणार, नावानं हाक मारा!

काय म्हणाल्या? … नुसतं हूं? डोळे उघडले? बरं… नको, उचलू नका, खिडकी उघडा. उजेडात ओठ बघा. रंग कसाय?

जांभळट?

काल तर चांगले गुलाबी दिसले मला… काय? काय लावलं होतं? … लाली? मेहुणीनं? अहो, मी डॉक्टर आहे, फोटोवाला नाही!

नखांनाही? म्हणजे बोटाला मशीन लावलं, तेव्हा नखावर रंग होता? … मग तो ऑक्सिजनचा आकडाही खरा धरता येत नाही. देवा रे.

नाही, नाही, तिला ओरडू नका. डॉक्टरसमोर ताई नीट दिसावी, एवढंच तिच्या मनात. ऐका, ॲम्ब्युलन्सला तुमच्याकडे पोचायला फार वेळ लागेल. दुधाची गाडी गेली का?

कोपऱ्यावर आहे? पळा! थांबवा तिला… मेहुणीला पळवा, तुम्ही वहिनींजवळ थांबा!

थांबली? हुश्श. कॅन उतरवायला सांगा, गादी टाका. सरळ मोठ्या दवाखान्यात. ऑक्सिजन तयार ठेवायला मी सांगतो त्यांना… अहो, दूध नासलं तर नासू द्या, ड्रायव्हरला म्हणावं डॉक्टर भरून देईल!

हो, मेहुणी बसू दे सोबत. वहिनींना बोलतं ठेवा. पाणी नको, चहा नको, घोटभरही नको. आणि मास्तर, गाडीत त्यांना उताणं…

हॅलो?

मास्तर? ऐकू येतंय का? हॅलो? हॅलो?

…सिस्टर, लाईन गेली. परत लावा. परत… लागत नाही?

उताणं निजवू नका, श्वास अडकेल, कुशीवर ठेवा, एवढं सांगायचं राहिलं.