सीटवर कोणी नाही

(आयोवा राज्यातलं एक खेडं. मे महिन्यातली दुपार. दफनभूमीलगतच्या शेडमध्ये बसून चालवायचं गवतकापणीचं मशीन, त्याच्याखाली अर्धी शिरलेली डेल्फा आणि सीटवर तिचा थोरला भाऊ आर्डन.)

डेल्फा : किल्ली फिरव.

आर्डन : फिरवली.

डेल्फा : आणि?

आर्डन : काही नाही. चर्चच्या मीटिंगमध्ये माझ्या बोलण्यानंतर असते तशी शांतता.

डेल्फा : बॅटरी भरलेली आहे. फ्यूज शाबूत. तारांवरचा गंज मी घासून काढला. ब्रेक दाबलायस ना?

आर्डन : अगं, ब्रेक दाबून दाबून पाय लांब झाला माझा. सोमवारी स्मृतिदिन, सगळा गाव थडग्यांवर फुलं घेऊन येणार आणि गवत गुडघाभर. मशीन नाही चाललं तर कमिटी कंत्राटदार बोलावणार. माझी लोर्ना इथं झोपलीय, तिच्या अंगावरून परका माणूस मशीन फिरवणार, डेल्फा!

डेल्फा : अंगावरून नाही, गवतावरून. ऊठ, मी बसून बघते.

आर्डन : एकोणतीस वर्षं माझ्याशिवाय कोणी बसलं नाही त्या सीटवर.

डेल्फा : मी तीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या, दादा. बाजूला हो. ...हे बघ. एका फटक्यात चालू.

आर्डन : वा! झालं दुरुस्त!

डेल्फा : मी काहीच केलं नाही. बंद करते. आता तू बस. फिरव.

आर्डन : ...रुसलंय माझ्यावर.

डेल्फा : शेवटचं कधी चालू झालं होतं?

आर्डन : मंगळवारी. झकास. वॉल्टर मांडीवर होता.

डेल्फा : कुत्रा?

आर्डन : त्याला वारा आवडतो. बुधवारी तो आला नाही, आणि तेव्हापासून हे असं. मला वाटलं, कुत्र्याला काहीतरी कळलंय.

डेल्फा : आर्डन, सीटखाली एक स्विच असतो. वर माणूस बसला की दाबला जातो, मगच स्टार्टरकडे करंट जातो. स्विच ठीक आहे. मी बसले की दाबला जातो.

आर्डन : तू भारदस्त आहेसच लहानपणापासून.

डेल्फा : तुझं वजन किती?

आर्डन : आहे तेवढंच.

डेल्फा : मशीन म्हणतंय, सीटवर कोणी नाही. मंगळवारी कुत्र्याचं वजन धरून भागलं.

आर्डन : मशीनला काय कळतं! तू एक कर, त्या दोन तारा एकमेकींना जोडून टाक. स्विचची कटकटच नको.

डेल्फा : आणि तू उतारावर घसरून पडलास, तर पाती फिरतच राहतील. नाही जोडणार. काल रात्री काय जेवलास?

आर्डन : सूप.

डेल्फा : कशाचं?

आर्डन : डब्यातलं.

डेल्फा : परवा?

आर्डन : त्याच डब्यातलं. मोठा होता डबा.

डेल्फा : लोर्नावहिनीला जाऊन आठ महिने झाले. आणि मी समजत होते, तू जाड स्वेटर उन्हाळ्यातही हौसेनं घालतोस.

आर्डन : एकट्यासाठी भांडी काढावीशी वाटत नाहीत गं.

डेल्फा : ठरलं. स्विच तुला माणूस मानेपर्यंत रोज रात्री माझ्याकडे जेवायचं. आज मशीन मी चालवते. तू बाजूनं चाल आणि शिव्या दे.

आर्डन : लोर्नाच्या रांगेत कापणीचे पट्टे पूर्व-पश्चिम हं. आणि उगाच भुरकन निघून जाऊ नकोस.

डेल्फा : तिच्याजवळ आवाज तरी कमी करते.

आर्डन : नको, आवाज असू दे. घर समोरच ना, शेवटचा फेरा आला की तिला आवाजावरून कळायचं. मग ती बटाटे उकडायला टाकायची.

डेल्फा : (किल्लीवरचा हात काढून घेते.)

आर्डन : काय झालं? स्टार्ट कर की.

डेल्फा : करते. किती बटाटे टाकू?

आर्डन : दोन. ...तीन टाक.