पाठीवर कोण बसणार

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक म्हातारे पेंटर आणि त्यांची लेक बसली होती. लेकीच्या टॅबलेटवरच्या अर्धवट चित्रात पंख पसरलेला एक ड्रॅगन उडत होता.

“बाबा, खरं सांगा हं. उगाच कौतुक नको.”

“पंख झकास जमलेत. पण उजेड डावीकडून येतो आणि सावलीही डावीकडेच? असं कसं चालेल?”

“बदलते. आणखी?”

“पाठ रिकामी का ठेवलीस?”

“...अजून काढायचंय. कोणाला बसवू?”

“तुझ्या आईला बसव. ती कशालाच भ्यायची नाही.”

“घरी गेल्यावर काढते.”

“आत्ताच काढ की. ऑपरेशनला आत नेण्याआधी बघून घेतो.”

“बरं. जरा मोठीच काढते.”