ढोलाखाली दबलेली हाक

रामकृष्ण हरी, मंडळी! टाळ जरा मांडीवर ठेवा. आज प्रश्न एकच घेतलाय. भ्यालेल्या माणसाला शहाणं करायचं, तर त्याला आणखी भिववायचं का? — लगेच माना डोलावू नका! आधी ऐका.

एक तालुक्याचं गाव. नगरपालिकेची निवडणूक लागलेली. उमेदवार दौलतराव हिरवे. मत मागायचं तर केलेला रस्ता दाखवावा, आणलेलं पाणी दाखवावं... दाखवायला होतं काय? काही नाही! मग त्यांनी भीती दाखवली. एका संध्याकाळी गावच्या केबलवर त्याच दिवशी काढलेली चित्रफीत लागली. शाळेच्या भिंतीकडेनं एक माणूस चाललाय, पाठीवर भलं मोठं गाठोडं, त्याच्याभोवती लाल वर्तुळ, खाली अक्षरं — 'तुमची मुलं घरी पोचली का?' आणि वर ढोल! गंगारामबुवा, द्या जरा पखवाजावर... धुम्! धुम्! धुम्! — बघा, त्या मावशींनी नातवाला पदराखाली घेतलं! अहो मावशी, मी गोष्ट सांगतोय!

सारा गाव असाच दचकला. आणि तो माणूस कोण? हुसेनचाचा नदाफ, गावचा पिंजारी! गाठोड्यात कापूस होता हो, कापूस! गावातल्या निम्म्या गाद्या त्याच्या हातच्या. पण ढोल वाजत असला की ओळखीचा माणूसही ओळखू येत नाही. दुसऱ्या दिवशी चाचा गिरिजाबाई शेवाळेंच्या दारात आला. बाईंनी त्याला पाहिलं, लेकराला आत ओढलं आणि दार लावलं. 'अहो वहिनी, मी आहे! नदाफ!' — चाचा कडी वाजवतोय, आणि मागून गल्ली धावून आली.

जीव वाचला. उजवा खांदा कायमचा गेला. त्या दिवसापासून चाचानं गल्लीत पाय ठेवला नाही. आणि दौलतराव? गुलाल उधळून नगराध्यक्ष झाले.

पुढं शहरातून वैजयंता खरमाटे आल्या. टीव्हीसाठी माहितीपट करणाऱ्या बाई. विषय हाच — भीती घालून मतं कशी मिळवतात. चाचा त्यांना म्हणाला, 'बेटी, मला कुणाला शिक्षा नको. त्या गल्लीतून एकदा मान वर करून चालायचंय. पोरं पळवणारा म्हणून मरायचं नाही मला.'

माहितीपट तयार होत आला. चॅनलच्या साहेबांचा फोन! 'बाई, फार संथ आहे हो! दौलतरावांचा चेहरा जवळून घ्या, तसाच ढोल टाका. लोक घाबरले की बघतात.' बाईंनाही मोह पडला, मंडळी! लावून बघितला ढोल. दौलतराव अगदी राक्षस दिसायला लागले! बाई साहेबांना म्हणाल्या, 'मीच घाबरले की हो! आणि घाबरले तशी माझा विचारच थांबला. मग दौलतरावांत आणि माझ्यात फरक काय राहिला?' काढून टाकला ढोल. आणि मग मनात आलं — त्या केबलवरच्या फितीचाही ढोल काढला तर? ज्यानं चित्रण केलं होतं, त्याला गाठून मूळ फीत मिळवली.

मारुतीच्या पटांगणात पडदा लावला. गिरिजाबाई पुढच्याच रांगेत. आधी फीत जशी केबलवर लागली तशी दाखवली. धुम्! धुम्! लोक पुन्हा शहारले. मग वैजयंताबाई म्हणाल्या, 'आता हीच, ढोल न लावता.'

गंगारामबुवा, हात उचला.

...चाचा चाललाय. वहाणा फरफटतायत. कुणाच्या तरी सायकलची घंटी. कुठं भांडी घासतायत. आणि एका खिडकीतून बाईची हाक येते — 'ओ नदाफचाचा! उद्या नक्की या हं, गाद्या काढून ठेवते!' चाचा वळतो, हसतो, हात वर करतो आणि पुढं जातो.

मंडळी, तो आवाज गिरिजाबाईंचा होता!

गिरिजाबाई उभ्या राहिल्या. तोंडावर पदर. 'मीच बोलावलं होतं त्यांना... माझ्याच तोंडानं बोलावलं होतं!'

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चाचाच्या घरी गेल्या. 'चाचा, गाद्या काढून ठेवल्यात.' चाचानं आपल्या उजव्या खांद्याकडं बघितलं. मग म्हणाला, 'वहिनी, या हातानं पिंजण उचलवत नाही आता.' बाई रडल्या. म्हणाल्या, 'मग नुसते चला. मी संगं चालते.'

आणि चालले दोघं! भर सकाळी, त्याच गल्लीतून. काही दारं उघडली, काही उघडली नाहीत. पण चाचाची मान वर होती!

तुम्ही विचाराल, महाराज, दौलतराव पडले का? नाही हो, अजून खुर्चीत आहेत! माहितीपटानं चाचाचा खांदाही जोडला नाही. त्यानं तेवढा ढोल थांबवला, म्हणून एका बाईला आपलीच हाक ऐकू आली.

आता तुमचं. मला ठाऊक आहे, पखवाज आणि नरकाचं वर्णन एवढ्यावर मी तुम्हाला थरथर कापायला लावीन. आज लावणार नाही. तुमच्या खिशात फोन आहे. त्यात कुणीतरी कुणाभोवती लाल वर्तुळ काढून पाठवलंय. आवाज बंद करा आणि त्या माणसाकडं नीट बघा. त्याला कधी तुम्हीच खिडकीतून हाक मारली होती का?

आठवा. गंगारामबुवा, पखवाजावर हात ठेवू नका. यांना आठवेपर्यंत मी गजर धरणार नाही.