गोदामातली गाडी

दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसलेल्या मास्तरीणबाईंच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं पडत होतं.

“गोदामात बॅटरीची गाडी चालवायचात, पण मला कधी बसवलं नाहीत.”

“सीट एकच होती. मालावर माणूस बसवायचा नाही, असा नियम होता.”

“बाकीचे बसवायचे.”

“म्हणूनच तुझी मैत्रीण वळणावर पडली, पाय मोडून घेतला.”

“मी आपली चालत, आणि तुम्ही शेजारून माझ्या चालीनं गाडी हाकत.”

“साहेब म्हणायचा, बैलगाडी आहे का?”

“बसवलं असतंत तर चटकन पोचले असते.”

“मग लग्नाचं कधी विचारलं असतं?”

“विचारलंत कुठं? नुसता हॉर्न वाजवलात. मीच हो म्हणाले.”

मास्तरीणबाईंचा नंबर पुकारला. त्यांनी मागच्या बाईला पुढं जाऊ दिलं.