दामू आणि उलटे आकडे

डॉक्टर लोकांचं कौतुक मला सांगू नका. माझा धाकटा भाऊ दामू माणसांत बसेनासा झाला. कोणाशी बोलेना, दिवसभर भिंतीकडे तोंड. म्हणून मी त्याला बालीगंजच्या एका मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने कागद समोर धरून वाचलं, "सात, दोन, नऊ, चार. आता उलटे सांगा."

दामू गप्प. डॉक्टरने आधी बंगालीत, मग हिंदीत तेच इतक्यांदा विचारलं, की माझ्यासारख्या अडाण्यालाही ते आकडे पाठ झाले.

शेवटी म्हणाला, "याचं लक्ष नाही, काही ध्यानात राहत नाही. वेड्यांच्या इस्पितळात ठेवा. घरात ठेवून काय उपयोग?"

मी म्हटलं, "भाऊ काय उपयोगासाठी ठेवतात, मोशाय? घरी नेतोय मी त्याला."

"पस्तावाल."

"पस्तावेन. माझ्या घरात बसून पस्तावेन."

परतताना ट्राममध्ये दामू खिडकीबाहेर बघत पुटपुटला, "चार, नऊ, दोन, सात."

मी उडालोच. "अरे गाढवा, मग तिथे का नाही बोललास?"

"दादा, त्याच्या हातात कागद होता की. त्याला कशाला सांगायचं?"